दारू, औषधाची गोळी आणि यकृत

(शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी योजलेल्या भाषणाचा मजकूर)



घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी वसलेल्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांचे रूप गेल्या काही दशकांत पार पालटून गेले आहे. कालव्याचे पाणी पोचले तेथे बाजरीच्या जागी ऊस आला. न्हावऱ्याला व पाटसला साखर कारखाने उभे राहिले, केडगावच्या बाजूस गुऱ्हाळांचा धूर दिसू लागला, रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आल्या आणि त्यांच्यामागोमाग दूरदूरचा कामगारवर्ग आला. हाती पैसा खेळू लागला की घरात ज्या वस्तू सहजी येतात, त्यांत औषधाची गोळी ही एक आणि दारूची बाटली ही दुसरी. या दोन्ही वस्तू आता अनेक घरांत एकाच फळीवर नांदतात. त्या एकाच माणसाच्या पोटात गेल्या म्हणजे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

गावात याविषयी विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे : ‘दारूवर गोळी चालते का?’ उत्तरेही दोनच ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, ‘चालते, काही होत नाही.’ कोणी म्हणतो, ‘गोळी घेऊ नको, मरशील.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत आणि दुसऱ्या उत्तराने तर पुष्कळदा अधिक नुकसान होते. खरी गोष्ट अशी, की त्याच माणसाला, त्याच गोळीचा, दारू प्यायलेल्या रात्री एक परिणाम होतो, दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुसरा होतो आणि वर्षानुवर्षांच्या व्यसनानंतर तिसराच होतो. यांतील पहिले दोन परिणाम तर एकमेकांच्या अगदी उलट आहेत. असे का घडते, ते समजण्यासाठी यकृताचे काम थोडे पाहिले पाहिजे.

एक कारखाना, एकच दरवाजा

उजव्या बरगड्यांच्या आड असलेला, सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव म्हणजे शरीरातील मोठा रासायनिक कारखानाच होय. पोटात गेलेले बहुतेक औषध आतड्यातून रक्तात मिसळते आणि प्रथम यकृताकडे जाते. तेथे विकर, म्हणजेच एन्झाइम या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये त्याचे रूप बदलतात आणि ते लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकण्याजोगे करतात. डॉक्टर गोळी दिवसातून एकदा की तीनदा घ्यावयास सांगतात, ते यकृत ती किती वेळात निकालात काढते याच्या हिशेबावर. दारूचेही तसेच. तिचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात व पुढे निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. तेही मुख्यतः यकृतातच, आणि त्यासाठी लागणाऱ्या विकरांपैकी काही तीच असतात, जी औषधांवरही काम करतात.

या एका दरवाजावरील गर्दीचे सर्वांत भयंकर उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दारूत मिथेनॉल असते. मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. यकृतातील जे विकर दारूचे पचन करते, तेच मिथेनॉलचेही करते आणि त्यातून शेवटी फॉर्मिक आम्ल तयार होते. माणूस आंधळा होतो अथवा मरतो तो या आम्लामुळे. विशेष म्हणजे यावरील जुना व आजही वापरला जाणारा रुग्णालयीन उपाय शुद्ध मद्यार्क हाच आहे! विकराची ओढ मद्यार्काकडे अधिक असते. ते त्याच्यामागे लागले, की मिथेनॉल दाराबाहेर ताटकळत राहते आणि तेवढ्या अवधीत ते रक्तशुद्धीकरण यंत्राद्वारे काढून टाकता येते. हा उपाय रुग्णालयात, मात्रा मोजून करावयाचा आहे. विषारी दारूवर घरी आणखी दारू पाजणे म्हणजे जीव घेणे होय. परंतु दारू यकृतातील दुसऱ्या पदार्थाची वाट कशी अडवते, हे समजण्यास याहून स्पष्ट दाखला सापडणार नाही.

गटारीची रात्र

आषाढातील अमावास्या ही वास्तविक दिव्यांची अमावास्या. घासूनपुसून दिवे मांडावयाचे, त्यांची पूजा करावयाची, असा हा दिवस. पण आज तो ज्या नावाने ओळखला जातो ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे श्रावण पाळावयाचा म्हणून या दिवशी पोटभर पिऊन घेण्याची रूढी पडली आहे. औषधांच्या दृष्टीने या एका रात्रीचा हिशेब मांडून पाहावा.

ज्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असे छापलेले असते, तिच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सामान्य प्रौढ माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच मद्यार्क निकालात काढू शकते. म्हणजे रात्री नऊला रिचवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत यकृताला गुंतवून ठेवते. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे, की आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. हातभट्टीच्या दारूचा तर हिशेबच करता येत नाही, कारण गूळ, नवसागर आणि आणखी काय काय घालून ती गाळली, हे गाळणारालाच ठाऊक.

या सात-आठ तासांत जे औषध यकृताकडे येते, त्याच्या निचऱ्याला उशीर होतो आणि ते रक्तात अपेक्षेहून अधिक साठते. फिट्सच्या आजारावर दिले जाणारे फेनिटॉइन असेच साठून झोकांड्या जाणे, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे असे त्रास उद्भवतात आणि लोक ते दारूच्याच खात्यावर टाकतात. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन देतात. ते साठल्यास हिरड्यांतून, लघवीतून अथवा थेट मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा निचरा तर लांबतोच, शिवाय गोळी व दारू या दोन्ही मेंदूला गुंगी आणणाऱ्या असल्याने त्यांची बेरीज होते आणि झोपेतच श्वास मंदावतो.

ताडीच्या बाबतीत हा धोका पिणाऱ्याच्या नकळत घडतो. महाराष्ट्रात आणि शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन अनेकदा सापडलेले आहे. मद्यार्क पचवणारे यकृतातील विकरच या रसायनाचे रूपांतर अधिक गुंगी आणणाऱ्या द्रव्यात करते आणि ते द्रव्य उलट मद्यार्काच्या पचनात अडथळा आणते. दोघे एकमेकांचे बळ वाढवतात. पिणारा समजतो, आज ताडी कडक होती.

जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांवर दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, वांत्या होणे असे त्रास सांगितले जातात. हे किती जणांना होते याबद्दल अलीकडे तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी गोळ्या चालू असताना आणि त्या संपल्यावर दोन-तीन दिवस दारू टाळावी, ही सूचना आजही कायम आहे.

मधुमेहाकडे मात्र विशेष लक्ष वेधले पाहिजे. यकृताचे एक काम असे, की माणूस उपाशी असता साठवणीतली साखर रक्तात सोडावयाची आणि साठा संपला की नवी साखर तयार करावयाची. दारूचे पचन चालू असताना नवी साखर तयार करण्याचे हे काम बव्हंशी बंद पडते. समजा, ग्लिमेपिराइडची गोळी अथवा इन्शुलिन घेणारा एक प्रवासी दिवसभर न जेवता, दोन पेले घेऊन दौंड जंक्शनच्या फलाटावर आला. औषध रक्तातील साखर उतरवीत आहे आणि यकृत ती भरून काढू शकत नाही. काही वेळाने त्याला दरदरून घाम सुटतो, जीभ जड होते, तो असंबद्ध बोलू लागतो, बाकावर आडवा होतो. जाणारे-येणारे वास घेतात आणि म्हणतात, ‘पडू द्या, चढली आहे, उतरेल.’ ही साखर आपोआप वर येईलच असे नाही, आणि ती अशीच खाली राहिली तर मेंदूला कायमची इजा होते अथवा माणूस दगावतो. पोलीस, रेल्वे कर्मचारी, एस. टी. चे वाहक, गावचे पोलीस पाटील यांना एवढे ठाऊक असणे अगत्याचे आहे, की दारूचा वास येणारा बेशुद्ध माणूस हा केवळ दारुडा असेलच असे नाही. त्याचा खिसा पाहावा, त्यात मधुमेहाचे कार्ड किंवा गोळ्यांची पट्टी सापडते. तो शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बोटाच्या एका थेंबावर साखर मोजण्याचे यंत्र आता प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. त्याला मिनिटही लागत नाही.

श्रावणाचा पहिला आठवडा

आता उलटी बाजू. जो माणूस महिनोन्‌महिने रोज पितो, त्याचे यकृत या रोजच्या ओझ्याला तोंड देण्यासाठी काही विकरे वाढवते. कारखान्यात काम वाढले की जादा पाळी लावावी तसे. ही जादा पाळी केवळ दारूच उपसते असे नव्हे, हाताशी येणारी औषधेही भराभर संपवू लागते. म्हणून रोज पिणाऱ्याच्या रक्तात, तो प्यालेला नसताना, फेनिटॉइन किंवा वॉरफरिन अपेक्षेहून कमी आढळते. गोळी नेमाने चालू असूनही फिट येते. घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. ‘दारुड्याला भूल चढत नाही’ अशी जी समजूत आहे, तिच्यात मेंदूला जडलेल्या सवयीचा भाग मोठा असला, तरी थोडा अंश या जादा पाळीचाही आहे.

दारू सोडली म्हणून ही पाळी त्याच दिवशी उठत नाही. वाढलेली विकरे ओसरण्यास सुमारे आठवडा लागतो. आणि येथेच पॅरासिटामॉल या सर्वांच्या परिचयाच्या गोळीचा प्रश्न उभा राहतो.

ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांवरील ही गोळी योग्य मात्रेत अत्यंत सुरक्षित आहे, हे आधी सांगितले पाहिजे. तिचा बहुतांश भाग यकृत सरळ मार्गाने बाहेर काढते. एक लहानसा अंश मात्र दारूमुळे वाढणाऱ्या विकराच्या तावडीत सापडतो आणि त्याचे यकृताला जाळणारे विष बनते. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य हे विष तेथल्या तेथे निकामी करते. रोज पिणाऱ्याची अडचण दुहेरी असते. विष बनवणारे विकर वाढलेले असते आणि जेवणाची आबाळ झाल्यामुळे ग्लुटाथायोनची शिल्लक घटलेली असते. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की रक्तात दारू असेपर्यंत ते विकर तिच्यातच गुंतलेले असते. दारू थांबली की ते मोकळे होते. म्हणजे धोका सर्वांत अधिक प्यायलेल्या रात्री नसून, पिणे बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो.

आता हे आपल्याकडील रूढीशी ताडून पाहावे. अमावास्येला पिणे थांबते, दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. डोके ठणकते, अंग मोडून येते, हात कापतात. उपवास सुरू झालेला असतो. अशा वेळी माणूस काय करतो? दुकानातून गोळ्यांची पट्टी आणतो. एक गोळी डोकेदुखीची, एक अंगदुखीची, एक सर्दीची. नावे तीन, परंतु तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते आणि हे पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. निरोगी प्रौढाला चोवीस तासांत कमाल चार ग्रॅम ही मर्यादा मानतात. रोज पिणाऱ्याने दोन ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपलीकडे, डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊ नये, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. ६५० च्या गोळ्या असतील तर तीनच. मात्रा ओलांडल्यानंतर पहिला दिवसभर थोड्या मळमळीवाचून काही जाणवतही नाही, कावीळ पुढे दोन-तीन दिवसांनी दिसते. उलट, यावरील ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. त्यामुळे गोळ्या जास्त झाल्याचे कळताच, त्रास होण्याची वाट न पाहता, रुग्णालय गाठले पाहिजे.

ऊसतोडणीच्या हंगामात हीच गोष्ट फडावर घडू शकते. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्यांना पहाटे कोयता हाती घ्यावयाचा असतो. रात्री दारू आणि सकाळी अंगदुखीची गोळी, हा त्यांतील कित्येकांच्या दिनक्रमाचाच भाग होऊन बसतो. मुकादमाने पट्ट्यांचा डबा जवळ ठेवला असेल तर त्यात काय आहे, हे आरोग्यसेविकेने एकदा पाहून घ्यावे.

दारू एकाएकी सोडणाऱ्यांबाबत आणखी एक सूचना येथेच करणे उचित होईल. तुकोबांची पालखी यवत, वरवंड येथे मुक्कामाला येते, त्या सुमारास माळ घालून दारू सोडणारे लोक या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांचा निश्चय आदरास पात्र आहे. पण वर्षानुवर्षे सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, क्वचित प्राणावर बेतते. महिलांच्या मतदानाने गावातील दुकान बंद झाले तरी हाच प्रसंग येतो. अशांची यादी ग्रामपंचायतीला तोंडपाठ असते. त्यांना आधीच डॉक्टरांकडे नेले तर हे टळू शकते.

क्षयरोगाच्या गोळ्या

या सर्वांत ज्या रुग्णाचे सर्वाधिक नुकसान होते, तो क्षयरोगी होय. दारूने प्रतिकारशक्ती खालावते, म्हणून पिणाऱ्यांत क्षयरोग अधिक आढळतो. आणि त्यावरील औषधे यकृताला जड असतात. पहिले दोन महिने दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही काही रुग्णांत यकृतदाह करू शकतात आणि रोजच्या पिण्याने हा संभव वाढतो. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात, त्याही पिणाऱ्यांत अधिक, म्हणूनच सोबत पायरिडॉक्सिन हे जीवनसत्त्व देतात.

हे सारे खरे आहे आणि ते सांगितलेही पाहिजे. पण ते कसे सांगितले जाते? ‘दारू प्यायलास तर या गोळ्या घ्यायच्या नाहीत.’ व्यसनी माणूस या वाक्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढतो. ज्या दिवशी प्यावयाचे त्या दिवशी गोळी टाळतो. बाजारच्या दिवशी टाळतो, पगाराच्या दिवशी टाळतो, लग्नात टाळतो. पुढे पुढे गोळीच सुटते. सहा महिन्यांचा उपचार असा अर्धवट राहिला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक लांबतो, अधिक त्रासाचा होतो, आणि दरम्यान घरातील लेकरांना लागण होते ती अशा निबर झालेल्या जंतूंची. म्हणून सांगावयाचे ते असे : दारू सोडा. ती सुटत नसेल तरी स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका, आणि पिणे चालू आहे हे आरोग्य केंद्रात सांगा. म्हणजे डॉक्टर यकृताची रक्ततपासणी करून लक्ष ठेवतील. भूक मरणे, सतत मळमळ, लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही दिसले, तर मात्र त्याच दिवशी केंद्रात जावे आणि पुढची मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

ही औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. रुग्णाची नोंद निक्षय प्रणालीत असल्यामुळे ऊसतोडणी मजुराला गाव बदलले तरी उपचार पुढे चालू ठेवता येतो. पोषणासाठी मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १००० रुपये करण्यात आले आहे. ते रोख रकमेने खात्यावर जमा होते, आणि त्यातून दूध-अंडी येतात की आणखी काही, हे पाहणारे दुसरे कोणी नसते. रुग्णाच्या घरी जाणारी आशाताई हे जाणते. टीबीमुक्त पंचायतीचा जो कार्यक्रम २०२३ पासून राबविला जात आहे, त्यात उपचार पूर्ण करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण मोजले जाते. गावाचे हे प्रमाण ज्या दोन-तीन रुग्णांमुळे घसरते, त्यांत पिणारा एखादा असतोच.

दीर्घकाळच्या व्यसनाने यकृत घट्ट व गाठाळ झाले, म्हणजे सिरोसिस झाला, की जादा पाळी संपते आणि कारखानाच बंद पडू लागतो. मग नेहमीच्या मात्रेतील साधे औषधही साचून राहते. झोपेच्या एका गोळीने असा रुग्ण दोन दिवस शुद्धीवर येत नाही. पोटात पाणी झालेल्या, डोळे पिवळे असलेल्या माणसाला शेजारच्याच्या पट्टीतील कोणतीही गोळी देऊ नये. आसवे व अरिष्टेही नकोत. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवणीतून आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. औषधातील मद्यार्काचा हा प्रश्न मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९५१ साली बलसारा खटल्यात मद्यार्कयुक्त औषधांवरील निर्बंधांबाबतच्या काही तरतुदी रद्द झाल्या होत्या. कायद्याने ती औषधे ठरली, हे योग्यच. यकृताला मात्र हा फरक कळत नाही.

विचारणे आणि सांगणे

एवढ्या माहितीचा उपयोग व्हावयाचा तर डॉक्टरांना रुग्णाचे पिणे ठाऊक झाले पाहिजे. ते बहुधा ठाऊक होत नाही. रुग्ण लाजेने लपवतो. ‘दारू पिता का?’ असा प्रश्न चारचौघांत, बायकोसमोर, काहीशा दरडावणीच्या सुरात विचारला गेला, तर ‘नाही’ याखेरीज दुसरे उत्तर येणार कोठून? तोच प्रश्न ‘शेवटची कधी घेतली होती? रोज किती होते?’ असा, एकट्याला व सहज विचारला, तर उत्तर मिळते. आकडा निम्मा सांगितला जातो खरा, पण मिळतो. शाळामास्तरांना हे कौशल्य निराळे शिकवावे लागत नाही. गृहपाठ न केलेल्या मुलाकडून खरे कारण कसे काढून घ्यावे, हे ते रोजच करीत असतात.

लपवाछपवीचा दुसरा प्रकार घरातल्या बाईकडून होतो आणि तो अधिक करुण आहे. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर व एस. टी. स्थानकांवर दिसतात. नवऱ्याच्या व्यसनाने गांजलेली स्त्री कोठून तरी पुडी अथवा गोळी मिळवते आणि चहात किंवा कालवणात घालते. त्या पुडीत डायसल्फिराम असण्याचा संभव असतो. रबराच्या कारखान्यांत या वर्गातील रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असे १९३७ साली अमेरिकेत दिसून आले होते. १९४८ साली कोपनहेगन येथे हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्यातून औषध सिद्ध केले. हे औषध यकृतातील दुसऱ्या पायरीचे विकर बंद पाडते. ॲसिटाल्डिहाइडचे पुढे रूपांतर होत नाही आणि ते रक्तात साचते. मग एका घोटानेही चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याने स्वतः दारू सोडण्याचे ठरवले आहे आणि हे काय होईल ते ज्याला ठाऊक आहे, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली या औषधाचा आधार होतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात उपचार व समुपदेशनाची सोय आहे. पण ज्याला काहीच कल्पना नाही, तो नेहमीप्रमाणे प्यावयास बसतो. हृदयविकार असेल तर त्या बैठकीतच त्याचा शेवट होऊ शकतो. औषध थांबवल्यानंतरही त्याचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि त्या अवधीत मद्यार्क असलेले खोकल्याचे औषधही बाधते.

अशा माणसाला रुग्णालयात आणतात तेव्हा त्याची बायको सोबत असते. काय झाले ते तिला ठाऊक असते आणि भीतीने ती बोलत नाही. सासरचे उभे असतात, पोलीस येतील अशी धास्ती असते. तिथे असलेल्या सरपंचाने, ग्रामपंचायतीच्या महिला सदस्याने किंवा आशाताईने तिला बाजूला घ्यावे. तिला दटावू नये, इतरांसमोर काही विचारू नये. केव्हा दिले आणि किती दिले एवढे विचारून, उरलेली पुडी अथवा गोळ्यांचे पाकीट तिच्याकडून मागून घ्यावे आणि ते डॉक्टरांच्या हाती द्यावे.